ईमेलची चाळणी आणि वापरणाऱ्याचा कौल

१. विषयप्रवेश

चादर आणि टॉवेल या दोन वस्तूंनी सोलापूरचे नाव देशोदेशी नेले. या मालाचा व्यापार एके काळी पेढीवरील भेटीगाठी, टपाल आणि तार यांवर चालत असे. आज दूरदेशीच्या व्यापाऱ्याची पहिली विचारणा बहुधा ईमेलने येते. अशा पत्रातील मजकूर साधाच असतो. दर काय, सवलत किती, नमुना विनामूल्य मिळेल काय, माल त्वरित रवाना होईल काय, रक्कम कोणत्या मार्गाने पाठवावी, इतकेच त्यात विचारलेले असते. परंतु दर, सवलत, विनामूल्य, त्वरित, रक्कम हेच शब्द जगभरच्या फसव्या आणि नकोशा ईमेलांतही ठासून भरलेले आढळतात.

समजा, एका टॉवेल-उत्पादकाला आलेली अशी एक खरी विचारणा त्याच्या ईमेल सेवेने नकोशी ठरवून ‘स्पॅम’ या कप्प्यात टाकली. उत्पादकाने तो कप्पा उघडून पाहिला नाही. अनेक सेवांत या कप्प्यातील पत्रे ठराविक मुदतीनंतर आपोआप नष्ट होतात. जीमेलमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे. मुदत संपली आणि पत्र गेले. एक मागणी हातची गेली, हे नुकसान तर झालेच. पण ती गेली हेही त्या गृहस्थास कधी कळावयाचे नाही. तिकडे पत्र पाठविणारा मात्र ‘सोलापूरकरांनी साधे उत्तरही दिले नाही’ अशी समजूत करून घेऊन दुसऱ्या गावच्या मालाकडे वळेल.

हानी झाली, पण तिची वार्ता कोणालाच नाही, अशी ही स्थिती आहे. यंत्राची चूक सुधारावयाची तर ती आधी कोणीतरी दाखवून द्यावयास हवी. म्हणून प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. ईमेलची चाळणी बरे-वाईट कशाच्या आधारे ठरविते? वापरणाऱ्यांच्या अभिप्रायाने ती कशी सुधारते, आणि तो अभिप्राय कोठे अपुरा पडतो? आणि मराठी पत्रव्यवहाराच्या बाबतीत या प्रश्नाला कोणते विशेष रूप येते?

२. नकोशा पत्रांचा पूर्वेतिहास

मागणी नसताना एकाच वेळी असंख्य लोकांना धाडलेल्या पत्रास ‘स्पॅम’ म्हणतात. हे मूळ नाव १९३७ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या डबाबंद मांसाचे. १९७० मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विनोदी प्रवेशात हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला, की त्यापुढे बाकीचे संभाषण ऐकूच येईना. नको असलेल्या मजकुराने हवा असलेला मजकूर बुडवून टाकणे, हा अर्थ पुढे या शब्दाला त्यावरून चिकटला.

अशा पत्राचे पहिले प्रसिद्ध उदाहरण ३ मे १९७८ चे आहे. गॅरी थ्यूर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेट या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकदम पाठविली. काही संगणकांची खरेदी त्यातून झाली असे सांगतात. परंतु अनेक प्राप्तकर्त्यांनी तीव्र नापसंती कळविली आणि जाळ्याच्या व्यवस्थापकांनी पाठविणाऱ्यास समज दिली. म्हणजे पहिल्या स्पॅमबरोबरच प्राप्तकर्त्यांचा पहिला अभिप्रायही जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

भारतात सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पुढच्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल ही विनामूल्य ईमेल सेवा सुरू केली. विनामूल्य ईमेल सर्वांना लाभदायक ठरला. पण त्याच्या अर्थव्यवहारातच रोगाचे मूळ होते. टपालात पत्र पाठविणाराला तिकीट लावावे लागते. दहा हजार जाहिराती धाडावयाच्या तर दहा हजार तिकिटे लागतात, म्हणून तो हात आखडता घेतो. ईमेलमध्ये दहा हजारावे पत्र पाठविण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. खर्च पडतो तो प्राप्तकर्त्याच्या वेळेवर आणि सेवा चालविणाऱ्याच्या यंत्रांवर. लाखात एकाने फसून पैसे धाडले तरी पाठविणाऱ्याचे साधते. साहजिकच केवळ विनंतीने वा निषेधाने हा पूर थांबणे शक्य नव्हते. चाळणीची गरज निर्माण झाली.

३. नियमांकडून अनुभवाकडे

आरंभीच्या चाळण्या माणसाने लिहून दिलेल्या नियमांवर चालत. अमुक शब्द विषयाच्या ओळीत आला, सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत असला, पाठविणाऱ्याचा पत्ता काळ्या यादीत असला, की पत्र अडवावे, अशा धर्तीचे हे नियम असत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या स्पॅमअसॅसिन या प्रणालीत प्रत्येक खुणेला गुण देऊन त्यांची बेरीज करण्याची पद्धत आहे. बेरीज ५ झाली की पत्र नकोसे ठरते, असा तिचा मूळ संकेत आहे.

नियमांच्या पद्धतीत दोन उणिवा होत्या. पाठविणाऱ्यास नियम कळला की तो शब्दाचे एखादे अक्षर बदलून नियम चुकवी. दुसरी उणीव अधिक मूलभूत होती. नियम लिहिणारा हा पत्र वाचणारा नव्हे. त्याला जे नकोसे वाटते ते सर्वांनाच नकोसे असेल, हे गृहीतक त्याच्या नियमांत दडलेले असे.

यातून मार्ग निघाला तो संभाव्यतेच्या गणिताने. इंग्लंडमधील धर्मोपदेशक थॉमस बेझ यांचा या विषयावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. एखाद्या गोष्टीविषयीचा आपला पूर्वीचा अंदाज नव्या पुराव्याच्या प्रकाशात किती बदलावा, याचे गणित त्यात मांडलेले आहे. मेहरान सहामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे गणित नकोशा ईमेलांना लावून दाखविले. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी याच दिशेने एक सोपी योजना मांडली आणि ती सर्वत्र गाजली. चाळणीला नियम सांगू नयेत. वापरणाऱ्याने हवी आणि नको म्हणून वेगळी केलेली पत्रे तिच्यापुढे ठेवावीत आणि कोणता शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो हे तिला मोजू द्यावे, असा या योजनेचा सारांश आहे. या मोजणीतून अनपेक्षित गोष्टी हाती लागल्या. जाहिरातींतील भडक लाल रंगासाठी वापरले जाणारे सांकेतिक चिन्ह हे नकोशा पत्राची एक अतिशय खात्रीलायक खूण आहे, असे ग्रॅहम यांना आढळून आले. नियम लिहावयास बसलेल्या माणसाला ही खूण सुचली असती, असे वाटत नाही.

४. एक उदाहरण

ही पद्धत आकड्यांनी पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत.

समजा, एका सेवेच्या सर्व ग्राहकांची मिळून १,००० नकोशी आणि १,००० हवी असलेली पत्रे आपण घेतली. ‘बक्षीस’ हा शब्द नकोशा पत्रांपैकी २०० पत्रांत आणि हव्या पत्रांपैकी अवघ्या ५ पत्रांत आढळला. तर हा शब्द असलेल्या २०५ पत्रांपैकी २०० नकोशी होत. म्हणजे असे नवे पत्र नकोसे असण्याची संभाव्यता सुमारे ९८ टक्के ठरते. ‘टॉवेल’ हा शब्द नकोशा पत्रांपैकी २० पत्रांत आणि हव्या पत्रांपैकी २ पत्रांत आढळला, तर त्याची संभाव्यता सुमारे ९१ टक्के होते. सर्वसामान्य ग्राहकाला टॉवेलविषयी पत्र येते ते बहुधा जाहिरातीचेच. तेव्हा चाळणीचा हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही.

आता हीच मोजणी सोलापुरातील टॉवेल-उत्पादकाच्या पत्रांवर करू. त्याच्याही १,००० नकोशा पत्रांपैकी २० पत्रांत ‘टॉवेल’ आहे. पण त्याच्या १,००० हव्या पत्रांपैकी ६०० पत्रांत तो शब्द आहे. येथे ६२० पैकी केवळ २० पत्रे नकोशी, म्हणजे संभाव्यता सुमारे ३ टक्के. शब्द तोच, गणित तेच. पण पत्र वाचणारा बदलताच निकाल पार उलटा झाला.

एका पत्रात दोन्ही शब्द असतील तर पुरावा एकत्र करावा लागतो. ‘बक्षीस’ हा शब्द हव्या पत्रांपेक्षा नकोशा पत्रांत ४० पट अधिक येतो. या उत्पादकाच्या बाबतीत ‘टॉवेल’ हा नकोशांपेक्षा हव्या पत्रांत ३० पट अधिक येतो. दोन्ही शब्द एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर पारडे ४० ला ३०, म्हणजे ४ ला ३ असे नकोशाकडे किंचित झुकते; संभाव्यता सुमारे ५७ टक्के येते. खेळांच्या स्पर्धेतील विजेत्यांना बक्षीस म्हणून टॉवेल द्यावयाचे आहेत, अशी ही खरी मागणीही असू शकेल. एवढ्या पुराव्यावर पत्र अडविणे योग्य नव्हे, हे उघड आहे.

या उदाहरणाचे तात्पर्य असे, की नकोसेपणा हा पत्राच्या अंगचा गुण नाही. पत्र आणि ते वाचणारा यांच्यातील तो एक संबंध आहे. म्हणून चाळणी कितीही कुशलतेने बनविली, तरी वाचणाऱ्याला विचारल्यावाचून तिला हा संबंध कळावयाचा नाही. ‘हे नको’ आणि ‘हे हवे होते’ ही दोन बटणे तक्रारपेटी नव्हेत. चाळणीचे सगळे शिक्षण त्यांतूनच होते.

५. दोन चुका आणि त्यांतील असमानता

चाळणीच्या हातून दोन प्रकारच्या चुका घडतात. नकोसे पत्र आत येते, किंवा हवे असलेले पत्र अडकते. पहिल्या चुकीची किंमत एखाद्या क्षणाची त्रासिक नजर, एवढीच असते. दुसऱ्या चुकीत प्रवेशाचे पत्र, मुलाखतीचे बोलावणे, रुग्णाचा तपासणी-अहवाल किंवा व्यापारातील मागणी जाऊ शकते. तेव्हा दोन्ही चुका सारख्या धरणे योग्य नाही, हे संशोधकांनी प्रारंभीच ओळखले. १९९८ च्या वर उल्लेखिलेल्या संशोधनात पत्र नकोसे असल्याची खात्री ९९.९ टक्क्यांपलीकडे गेल्यावरच ते अडवावे, असे ठरविले होते. ग्रॅहम यांनी हव्या पत्रांतील शब्दांची गणती दुप्पट धरून पारडे मुद्दाम त्या बाजूस झुकविले. २००० साली ग्रीक संशोधकांनी केलेल्या अभ्यासात एक हवे पत्र अडकणे हे ९९९ नकोशी पत्रे आत येण्याइतके वाईट मानून चाळण्यांची परीक्षा घेण्यात आली.

या असमानतेच्या जोडीला दुसरी एक असमानता आहे. तिच्याकडे तितकेसे लक्ष जात नाही. आत आलेले नकोसे पत्र डोळ्यांसमोर येते. वापरणारा चिडतो आणि लगेच बटण दाबतो. अडकलेले हवे पत्र मात्र दिसतच नाही. मग त्याविषयी बटण कोण दाबणार? अर्थात सेवेकडे येणारा अभिप्राय मुळातच एकांगी असतो. ‘चाळणी सैल आहे’ असे सांगणारे आवाज हजारो आणि ‘चाळणी फार बारीक आहे’ असे सांगणारे मोजके. केवळ आलेल्या अभिप्रायानुसार सुधारणा करीत गेल्यास चाळणी दिवसेंदिवस बारीक होत जाईल, तक्रारी कमी होतील, चालकांना समाधान वाटेल, आणि त्याच वेळी अधिकाधिक खरी पत्रे मुकाट्याने नष्ट होत राहतील. तक्रारी कमी झाल्या म्हणजे सेवा सुधारली, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

जीमेलने जुलै २०१५ मध्ये असे जाहीर केले, की आपल्या ग्राहकांच्या मुख्य कप्प्यात येणारी नकोशी पत्रे ०.१ टक्क्याहून कमी, आणि चुकून स्पॅममध्ये जाणारी हवी पत्रे ०.०५ टक्क्याहूनही कमी आहेत. दोन हजारांत एकाहूनही कमी चूक, ही कामगिरी खचितच मोठी आहे. तथापि सरासरी सर्वांना सारखी वाटली जात नाही, हे सांख्यिकीच्या अभ्यासकांस सांगावयास नको. इंग्रजीत नेहमीची पत्रे लिहिणाऱ्या ग्राहकाच्या वाट्याला त्याहूनही कमी चूक येईल आणि अल्पपरिचित भाषेत किंवा अल्पपरिचित व्यवसायात पत्रव्यवहार करणाऱ्याच्या वाट्याला अधिक येईल, आणि तरीही सरासरी तीच राहील.

६. अभिप्रायातील दोष

अभिप्राय हा शिक्षक असला, तरी तो नेहमी बरोबर शिकवितो असे नाही. कित्येकजण स्वतःच्या संमतीने सुरू केलेले वृत्तपत्रक कंटाळा आल्यावर बंद करण्याऐवजी ‘स्पॅम’ म्हणून कळवितात. कित्येकदा बोट चुकून दुसऱ्याच पत्रावर पडते. एकच जाहिरात एकाला नकोशी आणि शेजाऱ्याला उपयोगाची असते. शिवाय अभिप्राय वेळेवर येत नाही. पत्र सोमवारी येते आणि वापरणारा ते शनिवारी पाहतो. २००५ ते २००७ या काळात अमेरिकेत चाळण्यांच्या ज्या तुलनात्मक परीक्षा झाल्या, त्यांत आरंभी प्रत्येक पत्रावर तत्काळ आणि अचूक कौल देणारा आदर्श वाचक गृहीत धरला होता. पुढे उशिरा मिळणाऱ्या आणि अपुऱ्या कौलाचीही त्यांत दखल घेण्यात आली. डी. स्कली आणि गॉर्डन कॉर्मॅक यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की आदर्श कौलावर उत्तम चालणाऱ्या चाळण्या चुकीच्या कौलांची भर पडताच लक्षणीय बिघडतात. एकेका कौलावर फार विसंबू नये अशी तजवीज गणितात केल्यास हा बिघाड बराच आवरता येतो, हेही त्यांनी दाखविले.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे खोटा अभिप्राय. नकोशी पत्रे पाठविणारेच असंख्य बनावट खाती उघडतात आणि आपल्याच पत्रांवर ‘हे स्पॅम नाही’ असा कौल देतात. २०१७ च्या अखेरीपासून २०१८ च्या आरंभापर्यंत जीमेलवर अशा प्रकारचे निदान चार मोठे प्रयत्न झाल्याचे गूगलच्या संशोधकाने नमूद केले आहे. ज्या मार्गाने शिक्षण मिळते, त्याच मार्गाने कुशिक्षणही देता येते. यासाठी प्रत्येक कौलाचे वजन सारखे न धरता, तो देणाऱ्याचा पूर्वीचा व्यवहार पाहून ठरवावे लागते.

मग सर्वांचा मिळून एक कौल घ्यावा, की प्रत्येकाचा स्वतंत्र? केवळ स्वतंत्र कौल घेतल्यास नव्या ग्राहकाजवळ चाळणीला शिकविण्यापुरती पत्रेच नसतात. केवळ सामायिक कौल घेतल्यास टॉवेल-उत्पादकाची गत वर पाहिल्याप्रमाणे होते. याहूकडील संशोधकांनी २००९ मध्ये दोहोंची सांगड घालणारी पद्धत मांडली. सर्वांसाठी एक सामायिक चाळणी असावी आणि तिच्यावर प्रत्येकाच्या कौलानुसार होणारी व्यक्तिगत दुरुस्ती बसवावी, असे तिचे स्वरूप आहे. तिच्यापासून कधीही बटण न दाबणाऱ्यांनाही लाभ झाल्याचे आढळले. याचे कारण मनोरंजक आहे. व्यक्तिगत आवडीनिवडींचा भार व्यक्तिगत भागाने उचलल्यामुळे सामायिक चाळणी अधिक निर्मळ राहिली.

७. मराठी पत्रांची विशेष अडचण

चाळणी शब्द मोजते, असे आपण पाहिले. परंतु मराठीत शब्द कोठे संपतो, हा प्रश्न सोपा नाही. इंग्रजीत ‘बक्षीस’ या अर्थाचा शब्द बहुतेक ठिकाणी एकाच रूपात येतो. मराठीत तो बक्षीस, बक्षिसाचा, बक्षिसाला, बक्षिसासाठी, बक्षिसांपैकी अशा रूपांनी येतो. प्रत्यय तर लागतोच; शिवाय सामान्यरूप होताना ‘क्षी’ चा ‘क्षि’ होतो. साध्या मोजणीच्या दृष्टीने हे पाच वेगळे शब्द होत, आणि पुरावा पाच ठिकाणी विखुरला जातो. ज्या रूपाशी चाळणीचा पूर्वी संबंध आला नाही, त्याविषयी तिला काहीच सांगता येत नाही.

दुसरी अडचण लेखनाच्या संकेतांची. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ हे शब्द वाचकाला एकच वाटतात. पण पहिल्यात ‘ॲ’ हे २००८ साली युनिकोडमध्ये दाखल झालेले स्वतंत्र अक्षर आहे आणि दुसऱ्यात ‘अ’ वर अर्धचंद्राची खूण चढविली आहे. यंत्राच्या लेखी ही दोन भिन्न अक्षरमाला होत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्या देखील दोन प्रकारे नोंदता येतो. युनिकोडपूर्वी छापखान्यांत आणि कार्यालयांत रूढ झालेल्या टंकांत तर देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसविलेले असत. तशा टंकातील मजकूर ईमेलमध्ये उतरविला, की यंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग दिसतो. आणि निरर्थक अक्षरांचे ढीग ही तर नकोशा पत्रांची परिचित खूण. याशिवाय पुष्कळ लोक मराठी मजकूर रोमन लिपीत, ज्याला जसे सुचेल तसे वर्णलेखन करून लिहितात.

सोलापुरात या गुंतागुंतीला आणखी एक पदर आहे. येथील विणकर-वस्तीत घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, सीमेपलीकडील व्यापारात कन्नड, अन्यत्र हिंदी वा दखनी आणि परदेशी ग्राहकाशी इंग्रजी, असा व्यवहार अनेकांच्या अंगवळणी पडलेला आहे. एका दिवसाच्या पत्रांत तीन लिप्या येणे ही येथे नवलाची गोष्ट नव्हे. सर्वसामान्य चाळणीला मात्र अनोळखी लिपीतील पत्र म्हणजे संशयास कारण.

या अडचणींवर उपाय होऊ लागले आहेत. संपूर्ण शब्दाऐवजी अक्षरांचे छोटे गट मोजल्यास ‘बक्षी’ आणि ‘बक्षि’ यांतील साम्य काही अंशी टिकते. गूगलने नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती दिलेल्या रेटव्हेक या पद्धतीत मुद्दाम बदललेली वा चुकीची अक्षरे असली तरी शब्द ओळखता यावा, आणि कोणत्याही भाषेत ओळखता यावा, असा प्रयत्न आहे. तिच्यामुळे जीमेलमध्ये नकोशी पत्रे ओळखण्याचे प्रमाण ३८ टक्क्यांनी वाढले आणि हवी पत्रे चुकून अडकण्याचे प्रमाण १९.४ टक्क्यांनी घटले, असे सांगण्यात आले. मराठीपुरते पाहता, मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल सिद्ध झाले आहे आणि पुण्यातील एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ मध्ये मराठी मजकुराचा मोठा संग्रह आणि त्यावर आधारलेली भाषाप्रतिमाने सर्वांसाठी खुली केली. परंतु भाषा समजणे वेगळे आणि त्या भाषेतील वाचकाला काय हवे हे समजणे वेगळे. दुसरी गोष्ट मराठी वाचकाच्या कौलातूनच मिळू शकते. ज्या भाषेतून कौल थोडे, तिची चाळणी ओबडधोबड राहणार.

८. कौलाला आलेले नियमाचे बळ

अलीकडे वापरणाऱ्याच्या कौलाला नियमांचेही पाठबळ मिळू लागले आहे. दररोज जीमेलच्या पत्त्यांवर ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून आपली ओळख पटविणारी सांकेतिक सही पत्रावर ठेवणे, पत्रे बंद करण्याची सोय एका टिचकीत देणे आणि ‘स्पॅम’ म्हणून येणाऱ्या कौलांचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत राखणे आवश्यक झाले. हजार पत्रांमागे तीन जणांनी बटण दाबले, की पाठविणाऱ्याची पत अडचणीत येते.

आपल्याकडे हा अनुभव ईमेलपेक्षा भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या बाबतीत अधिक परिचयाचा आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये अनाहूत व्यापारी संदेशांविषयी विनियम केले. १९०९ या क्रमांकावर तक्रार नोंदविण्याची सोय झाली. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी केलेल्या दुरुस्तीने तक्रारीची मुदत ३ दिवसांवरून ७ दिवस केली. नोंदणी न केलेल्या पाठविणाऱ्यावर कारवाई करण्यासाठी पूर्वी ७ दिवसांत १० तक्रारी लागत; त्याऐवजी १० दिवसांत ५ तक्रारी पुरेशा ठरविण्यात आल्या. येथेही तत्त्व तेच आहे. यंत्र वा अधिकारी एकटा ठरवीत नाही. ज्याच्या दारात संदेश येऊन पडतो त्याचा शब्द मोजला जातो.

९. सुधारणेची दिशा

वरील विवेचनावरून ईमेल सेवा चालविणाऱ्यांनी काय करावे, हे सुचविता येते. पहिली गोष्ट, अडकलेल्या पत्रांविषयीचा अभिप्राय आपोआप येत नाही, म्हणून तो मागून घ्यावा. संशयास्पद पण खात्री नसलेल्या पत्रांची लहानशी यादी आठवड्यातून एकदा वापरणाऱ्यापुढे ठेवणे, हा त्याचा साधा मार्ग आहे. दुसरी, पत्र का अडविले याचे कारण सांगावे. जीमेलने मार्च २०१२ पासून असे कारण पत्राच्या वर दाखविण्यास प्रारंभ केला. कारण कळले तर वापरणारा विचारपूर्वक कौल देतो. तिसरी, ‘मला ही पत्रे यापुढे नकोत’ आणि ‘हे पत्र फसवे आहे’ हे दोन निरनिराळे अभिप्राय होत. त्यांना निरनिराळी बटणे असावीत. चौथी, चुकीचे प्रमाण सरासरीने न मोजता भाषावार आणि व्यवसायवार मोजावे. तसे केल्याशिवाय मराठी पत्रांची दशा आकड्यांत कधी दिसणारच नाही.

वापरणाऱ्याकडेही काही कर्तव्य येते. स्पॅमचा कप्पा आठवड्यातून एकदा तरी डोळ्यांखालून घालावा आणि त्यात सापडलेले खरे पत्र नुसते वाचून सोडून न देता ‘हे स्पॅम नाही’ असे कळवावे. अपेक्षित पत्रव्यवहार असलेल्यांचे पत्ते आपल्या यादीत नोंदवावेत. व्यापाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी आणि नोकरीच्या शोधात असलेल्यांनी तर या बाबतीत आळस करूच नये. असा प्रत्येक कौल स्वतःच्या सोयीबरोबरच त्याच भाषेत पत्र लिहिणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडतो.

संगणकशास्त्राच्या आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनाही येथे भरपूर काम आहे. मराठीतील, तसेच मराठी, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातील हव्या-नकोशा पत्रांचा नमुना-संग्रह, लेखकांच्या संमतीने आणि नावगाव वगळून, तयार करणे हे सोलापुरासारख्या बहुभाषी नगरीत अन्यत्रापेक्षा सुकर आहे. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चिकाटी आणि लोकांचा विश्वास लागतो.

धान्य पाखडताना सूप हलविणारीच्या हाताला दाणा कोणता आणि फोलपट कोणते हे ठाऊक असते, कारण ते धान्य तिच्या घरात शिजावयाचे असते. ईमेलच्या चाळणीला असे घर नाही. ज्याच्या घरात पत्र वाचले जावयाचे, त्यानेच तिला दाणा दाखवून द्यावा लागतो. आरंभी सांगितलेल्या टॉवेल-उत्पादकाची विचारणा वाचविण्यास याहून वेगळा मार्ग दिसत नाही.